नायटा बरा होतो आणि महिन्याभरात परत येतो? नवी ट्यूब आणायच्या आधी हे तपासा

प्रॉब्लेम असा आहे. जांघेत, कमरेवर किंवा काखेत गोल लालसर चट्टा येतो, कडेला बारीक पुरळ आणि पापुद्रे, मधला भाग त्यामानाने स्वच्छ, आणि खाज अशी की चार माणसांत बसवत नाही. ट्यूब आणली, लावली, चार दिवसांत खाज बंद, दहा दिवसांत चट्टा फिका, ट्यूब कपाटात. मग तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी किंवा बोटभर बाजूला परत तेच, आणि या वेळी जरा मोठं.

माझं हे दीड वर्ष चाललं. पाच राउंड झाले. दर वेळी मी एकच गोष्ट केली, ट्यूब बदलली, की ही चालत नाही बुवा, दुसरी बघू. आता कळतंय की पाचही वेळा बिघाड भलतीकडेच होता आणि मी आपला ट्यूबच बदलत बसलो. (तीन वेळा ट्यूबमध्येही होता, पण उलट्या अर्थाने, ते खाली येईलच.) मी डॉक्टर नाहीये, पेशंट आहे, त्यामुळे औषधांचे डोस इथे विचारू नका, जे लिहिलंय ते "डॉक्टरकडे जायच्या आधी काय बघून ठेवायचं आणि तिथे काय विचारायचं" एवढ्यासाठीच आहे.

परत आला म्हणजे नक्की काय झालं?

माझ्या स्किनच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारला आणि मी गप्प. कारण "परत आला" हे आपण एका दमात म्हणतो पण त्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, तो गेलाच नव्हता, फक्त दिसेनासा झाला होता. दोन, खरंच गेला होता पण तुम्हाला नव्याने लागला, स्वतःच्याच शरीराच्या दुसऱ्या जागेवरून, कपड्यांवरून, घरातल्या कुणाकडून. तीन, जे दिसतंय तो नायटा, म्हणजे बुरशीचं, नाहीच, दुसरंच काहीतरी आहे. आणि चार, जंतू तोच, औषध बरोबर, पण तो औषधाला दाद देत नाहीये. या चारही गोष्टींवर उपाय वेगळा आहे आणि गंमत म्हणजे चारपैकी तीनमध्ये नवीन ट्यूबचा काडीचा उपयोग नाही.

बहुतेकांचं पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रकारात मोडतं. माझं दोन्हींत होतं.

गेलाच नव्हता: ट्यूब उलटी करून वाचा

हे सगळ्यात आधी करा, आत्ता उठून करा. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, लुलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची औषधं. आता त्यांच्या शेजारी क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असलं काही दिसतंय का बघा. दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. अशा मिक्स ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, स्टिरॉइड आणि वर एखादं अँटिबायोटिक असं सगळं एकत्र घातलेलं असतं, म्हणजे काहीही असो, एक तरी लागू पडेल.

स्टिरॉइड काय करतं तर सूज, लाली आणि खाज दाबतं. म्हणजे शरीर बुरशीशी जे भांडत असतं ते भांडणच बंद पाडतं. तुम्हाला वाटतं आराम पडला, तिकडे बुरशीला मोकळं रान. ट्यूब थांबवली की दाबलेली खाज दुपटीने वर येते आणि आपण म्हणतो, बघा, ही ट्यूब लावली की बरं वाटतं, बंद केली की येतं, म्हणजे हीच लावत राहायला पाहिजे. हा सापळा आहे आणि मी त्यात तब्बल तीन राउंड होतो. शिवाय महिनोन्‌महिने लावल्यावर चट्ट्याचा आकारच बदलतो, गोल कडा पुसट होते, एकात एक दोन-तीन कडी दिसतात, आणि मग डॉक्टरलाही नुसतं बघून ओळखायला जड जातं. जांघेतली कातडी आधीच पातळ, तिथे स्टिरॉइडने आडव्या-तिडव्या रेषा उमटतात, प्रेग्नन्सीनंतर पोटावर उमटतात ना तशा, आणि त्या पुढे फिक्या होतात पण पूर्ण जात नाहीत. माझ्या डाव्या मांडीवर दोन आहेत.

मला ही ट्यूब कुणी दिली होती? कुणी नाही, ओळखीतल्या एकाला "फरक पडला" म्हणून मीच नाव विचारून आणली. त्यामुळे दोष कुणाला द्यायचा तर आरसा बघायचा.

स्टिरॉइडवाली ट्यूब सापडली आणि ती बरेच दिवस लावत असाल तर एकदम फेकून देऊन घरी बसू नका, आठ-दहा दिवस खाज भयंकर वाढू शकते, तेव्हा डॉक्टरांना सांगून, त्यांनी दिलेल्या औषधाच्या आधाराने बंद करा.

गेलाच नव्हता: थांबलात कधी?

ही बुरशी कुठे राहते हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात येतं. नायट्याची बुरशी आपल्या जिवंत मांसात शिरत नाही, ती कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात राहते आणि त्यातलं केराटिन नावाचं प्रथिन खाते. केस आणि नखंही केराटिनचीच, म्हणून तिथेही जाते. मेलेल्या थरात रक्त पोचत नाही, म्हणून शरीराला तिला थेट धरता येत नाही, शरीर फक्त खालून थर ढकलत राहतं, कातडी झडून बुरशी निघून जावी म्हणून. मधला भाग आधी स्वच्छ होतो आणि बुरशी न खाल्लेल्या नव्या कातडीकडे, म्हणजे बाहेर सरकते. म्हणून ती रिंग. म्हणजे खरी बुरशी कडेला असते आणि तिच्या थोडी पलीकडेही, जिथे तुम्हाला अजून काहीच दिसत नाही.

आणि आपण क्रीम कुठे लावतो? मधोमध, जिथे खाज आलेली आठवते तिथे.

तर लावायचं असं: कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपासून सुरू करून आत यायचं. आधी जागा पूर्ण कोरडी. किती लावायचं, तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ, ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मी मुगाच्या दाण्याएवढं घेऊन तळहाताएवढ्या चट्ट्यावर फासत होतो.

आणि किती दिवस? खाज थांबली म्हणून नाही थांबायचं, चट्टा दिसेनासा झाला म्हणूनही नाही. कातडीचा थर पूर्ण बदलायला साधारण महिना जातो, त्यामुळे सर्वसाधारण नियम असा की सगळं साफ दिसायला लागल्यावर पुढे अजून एक-दोन आठवडे चालू ठेवायचं, एकूण दोन ते चार आठवडे तर धराच, जुनाट असेल तर डॉक्टर जास्त सांगतात. माझे पाचही राउंड दहाव्या-बाराव्या दिवशी संपले होते. कॅलेंडरवर बघितलं आणि लाज वाटली.

एक साधी ट्रिक, मला फार कामाला आली. ट्रीटमेंट सुरू करताना चट्ट्याच्या कडेवरून बॉलपेनने हलकी रेघ मारायची आणि फोटो काढायचा. दर तीन-चार दिवसांनी परत फोटो, त्याच उजेडात. रेघ पुसली की परत मारा, पण जुन्या फोटोवरून त्याच जागी. दोन आठवडे झाले आणि लाली रेघेच्या बाहेर चाललीय तर औषध लागू पडत नाहीये हे नक्की, आणि हे फोटो डॉक्टरांना दाखवले तर "वाढलंय असं वाटतंय" या बोलण्यापेक्षा शंभरपट उपयोगी.

बुरशीच आहे ना पण?

गोल दिसणारं सगळं नायटा नसतं. एक्झिमाचा एक प्रकार अगदी नाण्यासारखा गोल येतो. सोरायसिस गोल येऊ शकतं. पिटिरियासिस रोझिया नावाच्या आजारात आधी एकच मोठा चट्टा येतो आणि तो हुबेहूब नायटाच वाटतो, मग एक-दोन आठवड्यांत अंगभर छोटे उठतात. जांघेत तपकिरी, फारशी न खाजणारी सपाट जागा असेल तर ती बॅक्टेरियाची असू शकते, तिला एरिथ्राझ्मा म्हणतात, डॉक्टर अंधारात वुड्स लॅम्प (अतिनील किरणांचा दिवा) मारतात तेव्हा ती पोवळ्यासारखी लालसर चमकते. यातल्या प्रत्येकाचं औषध वेगळं.

म्हणून दोनदा परत आलेल्याला स्क्रेपिंग करून घ्या, मागून घ्या, संकोच करू नका. माझं केलं तेव्हा मी टक लावून बघत होतो. टेक्निशियनने ब्लेडची बोथट बाजू चट्ट्याच्या कडेवर धरली, मध्ये नाही, आणि हळूहळू खरवडलं, दुखत अजिबात नाही, पांढरा भुसा काचपट्टीवर पडला. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, वर दुसरी पातळ काच, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, तेवढ्यात तो थेंब कातडीच्या पेशी विरघळवून पारदर्शक करतो आणि बुरशी तशीच राहते. मग त्यांनी मला मायक्रोस्कोपमध्ये डोकावू दिलं. पुसट फरशीसारख्या पेशी आणि त्यांच्या आरपार गेलेले हिरवट-राखाडी धागे, फाटे फुटलेले, मध्ये मध्ये गाठी पडल्यासारखे भाग. दीड वर्ष अंगावर बाळगलेलं प्रकरण पहिल्यांदा समोरासमोर बघितलं, खरं सांगायचं तर थोडं सुंदरच दिसत होतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. टेस्टच्या आधी अँटिफंगल क्रीम लावत असाल तर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून किती दिवस आधी बंद करायचं ते विचारून जा. आणि कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवायला ठेवली, तर घाई नको, ही बुरशी सावकाश वाढते, दोन ते चार आठवडे लागतात. जिच्यावर वाढवतात त्या जेलीला साबुरो आगर म्हणतात, रेमाँ साबुरो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाच्या नावावरून, माणूस १९३८ मध्ये गेला आणि त्याची रेसिपी थोडे फेरफार होऊन अजून प्रत्येक लॅबमध्ये चालू आहे.

खरंच परत लागला: मोजे काढा

माझं खरं उत्तर इथे होतं. डॉक्टर म्हणाले, पाय दाखवा. म्हटलं, पायाला काही नाही. त्यांनी करंगळी आणि शेजारचं बोट फाकवलं आणि आत पांढरी, ओली, सोललेली कातडी. चिखल्या. मला त्या इतक्या वर्षांपासून होत्या की मी त्यांना आजार समजतच नव्हतो, घाम येतो म्हणून होतं असं धरून चाललो होतो. चिखल्या म्हणजे तीच बुरशी, पत्ता वेगळा.

आता तिथून जांघेत कशी गेली? अंडरवेअर घालताना पाय आतून जातो, बोटांच्या बेचक्यातला भुसा कापडाला लागतो आणि कापड थेट जांघेत. रोज सकाळी मी स्वतःच डिलिव्हरी देत होतो. उपाय हास्यास्पद वाटेल इतका सोपा आहे: आधी मोजे घाला, मग अंडरवेअर. मोजे घालत नसाल तर पाय पुसून, कोरडे करून मग. आणि पाय पुसायचा टॉवेल वेगळा, निदान पाय सगळ्यात शेवटी पुसा. आणि अर्थात चिखल्यांची ट्रीटमेंट जांघेबरोबरच, एकाच वेळी. एक जागा बरी करून दुसरी सोडली तर पुढचा राउंड तुम्ही आधीच बुक केलाय.

पायाचे तळवे कोरडे, पांढुरक्या रेषांचे आणि एकाच हाताचा तळवा तसाच असेल तर तेही दाखवा, दोन पाय आणि एक हात अशी या बुरशीची ठरलेली जोडी आहे, खाजवणारा हात बहुतेक तोच असतो. नखांचं शेवटी सांगतो.

कपडे. झडलेल्या कातडीच्या भुशात बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात, टॉवेलमध्ये, चादरीत, बुटांत, पायपुसण्यात. आतले कपडे, मोजे, टॉवेल, चादरी ६० डिग्रीच्या पाण्यात धुवा, ज्याला झालंय त्याचे कपडे बाकीच्यांच्या बादलीत नकोत, उलटे करून कडक उन्हात वाळवा. जीन्स हा खलनायक आहे, शिवणीत ओल राहते आणि रोज धुतली जात नाही, मी तीन महिने जीन्स बंदच केली आणि सैल सुती पँट घातल्या. अर्धवट वाळलेली अंडरवेअर अंगावर सुकेल म्हणून घालू नका, हे वाक्य मी स्वतःसाठी लिहितोय. आंघोळीनंतर जांघ कोरडी करायला हेअर ड्रायर थंड हवेवर लावून एक मिनिट, घरचे हसले, हसू देत.

घरातली माणसं. बायकोला कमरेवर, नाडीच्या जागी, दोन रुपयाच्या नाण्याएवढा चट्टा होता आणि ती म्हणत होती नाडी काचते म्हणून आहे. दोघांचं एकाच वेळी सुरू केलं तेव्हा थांबलं. कुणी "मला काही नाही" म्हणालं तरी कंबर, जांघ, काख, छातीखालची घडी, बोटांची बेचकी एवढं बघायला सांगा. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला, पापुद्रे सुटलेला पॅच असेल तर तिथे क्रीमने होत नाही, बुरशी केसाच्या मुळापर्यंत गेलेली असते, पोटातून औषधच लागतं, त्यामुळे सरळ डॉक्टरकडे. आणि घरात मांजर असेल तर तिलाही व्हेटला दाखवा. मांजरांवरची मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी माणसाला लागते आणि कित्येक मांजरींच्या अंगावर काही दिसत सुद्धा नाही. ज्या घरात सगळ्यांनी नीट औषध घेऊनही थांबत नाही तिथे सोफ्यावर कोण झोपलंय ते बघा.

सगळं बरोबर करूनही जात नाहीये

आधी गोळ्यांचं बघा. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल पोटभर जेवल्यावर लगेच घ्यायची असते, तिला शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. तुम्ही रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर इकडे आम्ल बंद आणि तिकडे कॅप्सूल तशीच निघून जाते. हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, तसंच हार्ट फेल्युअरचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही, कारण या औषधाचं बऱ्याच औषधांशी जमत नाही. लिव्हरच्या टेस्ट सांगितल्या तर त्या टाळू नका. शुगर कधी तपासली नसेल तर तपासा, वारंवार बुरशी होणं ही कधीकधी डायबेटिसची पहिली खूण असते.

हे सगळं ठीक असेल तर मग चौथा प्रकार, रेझिस्टन्स. ही काल्पनिक भीती नाहीये. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची एक बुरशी आहे, २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं, आणि तिच्यातल्या बऱ्याच जातींवर टर्बिनाफिन चालत नाही. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, स्क्वालीन इपॉक्सिडेज, त्याच्या जीनमध्येच बदल झालेला असतो, म्हणजे कुलूप बदललंय आणि तुम्ही जुनी किल्ली फिरवताय. दुप्पट फिरवून उपयोग नाही. तिथे डॉक्टर दुसऱ्या गटाचं औषध देतात आणि बरेच आठवडे देतात. पण कृपा करून पहिल्या राउंडलाच "माझं रेझिस्टंट आहे" असं ठरवू नका. मीही ठरवलं होतं. माझी बुरशी साध्या औषधाने गेली, फक्त या वेळी ते सहा आठवडे, दोन जागी, दोन माणसांना लावलं.

शिबं असतील तर वरचं बरंच विसरा

मानेवर, पाठीवर, छातीवर फिके किंवा तपकिरी ठिपके, नखाने हलकं खरवडलं की बारीक भुसा, खाज जवळजवळ नाही, ती शिबं. ही मॅलासेझिया नावाची यीस्ट, आणि ती मुळात आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहतेच, तेलावर जगते, गरम-दमट हवेत जास्त माजते. डोक्यातल्या कोंड्यातही हिचाच हात असतो. त्यामुळे "कुणाकडून लागलं" हा प्रश्नच इथे गैरलागू, कपडे उकळून काही होणार नाही, आणि पूर्ण हाकलणं हे ध्येयही नाही, आवरून ठेवणं हे आहे. केटोकोनाझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू अंगाला लावून काही मिनिटं ठेवून धुवायचा, आणि ज्यांना दर वर्षी येतं त्यांना डॉक्टर गरमीच्या दिवसांत महिन्यातून एकदा-दोनदा तोच वापरत राहायला सांगतात. टर्बिनाफिनची गोळी इथे चालत नाही, नायट्याच्या उरलेल्या गोळ्या संपवायला घेऊ नका.

आणि बऱ्याच जणांचं "परत आलं" हे इथे मुळातच चुकीचं असतं. यीस्ट मेली तरी रंग भरून यायला महिने लागतात. खरवडून भुसा पडत नाही आणि डाग फक्त फिके आहेत तर ते बरं झालेलं आहे, रंग यायचाय एवढंच.

अंगावरून पांढरं जाणं, सारखं सारखं

थोडक्यात, कारण इथे अंदाजाने औषध घेतल्याने फार घोळ होतो. दह्यासारखं, घट्ट, खाज आणि आग हे कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं असू शकतं, पण वास येणारं पातळ पांढरं-राखाडी पाणी बॅक्टेरियाचं, आणि फेसाळ पिवळट-हिरवं ट्रायकोमोनासचं असू शकतं, जो बुरशी नाहीच, एकपेशीय आदिजीव आहे आणि त्यात नवऱ्याची किंवा पार्टनरची ट्रीटमेंट केली नाही तर बाईला शंभर वेळा औषध देऊनही परत येणार, कारण पुरुषाला बहुतेक वेळा काही लक्षणंच नसतात. वर्षात तीन-चारदा झालं तर मेडिकलमधून एक गोळी आणून गिळण्याऐवजी स्वॅब टेस्ट करून घ्या. कॅन्डिडाच असली तरी ग्लाब्राटा नावाची तिची एक जात नेहमीच्या फ्लुकोनाझोलला फारशी जुमानत नाही. प्रेग्नन्सीत ही गोळी स्वतःहून घ्यायचीच नाही.

बुरशी नाही, पण कोडं तेच

हे लिहायचं कारण माझा भाऊ. त्याला हिवताप (मलेरिया) झाला, व्हायव्हॅक्स जातीचा, तीन दिवस गोळ्या घेतल्या, ताप उतरला, ठणठणीत. अडीच महिन्यांनी परत थंडी वाजून ताप. आम्ही सगळे डासांच्या मागे, जाळ्या लावा, पाणी ओता. रक्तात परत व्हायव्हॅक्स. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण केला होता का? कुठला चौदा दिवसांचा? पिशवीत ती स्ट्रिप होती. बारा गोळ्या शिल्लक.

तर व्हायव्हॅक्सचा जंतू रक्तात असतो आणि त्याचे काही भाऊबंद लिव्हरमध्ये झोपून राहतात, त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. क्लोरोक्वीन किंवा आर्टेमिसिनिनवाल्या गोळ्या रक्तातले मारतात आणि ताप जातो, पण झोपलेल्यांना हात लागत नाही. ते आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षानेही जागे होतात, डास न चावता. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन असतं, नेहमीचा कोर्स चौदा दिवसांचा, आणि त्याआधी जी-सिक्स-पी-डी नावाची रक्ताची टेस्ट, कारण ज्यांच्यात ते एन्झाइम कमी असतं त्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. प्रेग्नन्सीत देत नाहीत. एकाच डोसचं टॅफेनोक्वीन २०१८ पासून आलंय पण त्यालाही ही टेस्ट लागतेच. आता फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाची दुसरी जात, असेल तर हा झोपण्याचा प्रकार नाही, तो काही आठवड्यांत परत आला तर बहुतेक औषध अपुरं पडलं किंवा चाललं नाही, आणि तो जीवघेणा होऊ शकतो, त्या तापाला घरी थांबायचं नाही. म्हणून रिपोर्टवर "मलेरिया पॉझिटिव्ह" एवढंच वाचू नका, जात कुठली ते वाचा.

आवेचंही असंच. अमिबासाठी मेट्रोनिडाझोल घेतलं, मुरडा थांबला. ते औषध आतड्याच्या भिंतीतल्या अमिबाला मारतं, पण पोकळीत राहिलेल्या सिस्टवर (अमिबाची कवचातली अवस्था) ते भरवशाचं नाही, त्यासाठी नंतर दुसरं औषध असतं, डायलोक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिन. तो दुसरा भाग राहून गेला की दोन महिन्यांनी परत "पोट बिघडलं".

जिआर्डिया नावाच्या आतड्यातल्या जंतूत उलटी गंमत. शौचात त्याचे सिस्ट रोज पडत नाहीत, म्हणून एक सॅम्पल निगेटिव्ह आला तरी वेगवेगळ्या दिवसांचे तीन द्यायचे. आणि औषधाने जंतू गेला तरी काही जणांना काही आठवडे दूध पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, आणि आपण परत तोच कोर्स सुरू करतो. परत गोळ्या घ्यायच्या आधी परत टेस्ट करा आणि काही दिवस दूध बंद करून बघा. हा जंतू सगळ्यात पहिल्यांदा लेव्हेनहुक या मायक्रोस्कोप बनवणाऱ्या डच माणसाने १६८१ मध्ये बघितला, स्वतःच्याच जुलाबात. मी स्वतःचा मोजा उतरवायला दीड वर्ष लावलं आणि हा माणूस बघा.

आता नखं

माझ्या जांघेतलं जाऊन आठ महिने झाले, परत आलेलं नाही, पण उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं होतं आणि ते राहिलं असतं तर सगळं परत सुरू झालं असतं, कारण चिखल्यांचा साठा तिथे. नखाला क्रीम पोचत नाही. आधी नखाचा तुकडा टेस्टला दिला (जाड नखांपैकी बरीचशी बुरशीची नसतात, बूट घासून, मार लागून किंवा सोरायसिसनेही होतात), पॉझिटिव्ह आल्यावर, लिव्हरची टेस्ट करून टर्बिनाफिन बारा आठवडे. बारा आठवडे झाले आणि नख दिसायला जवळजवळ तसंच, मी हताश. डॉक्टर म्हणाले, गोळ्या संपल्या पण नख अजून यायचंय, पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, खराब झालेलं नख परत चांगलं होत नसतं, ते पुढे ढकललं जाऊन कापलं जातं.

मग त्यांनी एक करायला सांगितलं. जिथे मुळाकडचं स्वच्छ नख संपून पिवळं सुरू होतं, त्या हद्दीवर फाईलने बारीक खाच. खाच नखाबरोबर पुढे सरकते. पिवळं खाचेच्या पुढेच राहिलं तर जिंकतोय, खाच ओलांडून मुळाकडे आलं तर फोन करा. पहिली खाच टोकाला पोचून परवा कापली गेली. दुसरी अर्ध्यावर आहे, तिच्या मागचं सगळं गुलाबी.